मोटर माउंटिंग बदलताना

विद्युत मालवाहू गाडीची मोटर चासीला थेट आवळलेली नसते. ती धातूच्या ब्रॅकेटमध्ये बसवलेल्या रबरी बुशांवर, म्हणजेच माउंटिंगवर, तोललेली असते. इंजिनाची धडधड नसल्याने या भागाला फारसे काम उरत नाही, हा समज चुकीचा आहे. कारण मोटर स्थिर अवस्थेपासूनच जवळजवळ पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवणारे बल, देते (२०२२ मध्ये सादर झालेल्या टाटा एस ईव्हीत ते कमाल १३० न्यूटन-मीटर आहे) आणि वेग कमी करताना तीच मोटर जनित्र बनून उलट दिशेने ओढ घेते, त्यामुळे दारोदार थांबत माल पोचवणाऱ्या गाडीत रबर दिवसभर दोन्ही बाजूंनी ताणले जाते. गाडी निघताना वा रिव्हर्स टाकताना येणारा ‘ठक्’ आवाज हे रबर फाटल्याचे नेहमीचे लक्षण होय.

दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा पान्याला हात लावण्यापूर्वीचा आहे: उच्च दाबाचा पुरवठा उत्पादकाच्या पद्धतीने तोडणे, इन्व्हर्टरमधील विद्युतभार साठवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबणे आणि इन्सुलेटेड हातमोजे घालून मीटरने शून्य दाबाची खात्री करणे, यांत कोणतीही सवलत घेता कामा नये. त्यानंतर मोटरला जॅकचा आधार देऊन, नारिंगी केबल व कूलंटच्या नळ्या ताणल्या जाणार नाहीत अशा बेताने जुने माउंटिंग काढले जाते. नवे बसवताना मोटर आपल्या स्वाभाविक स्थितीत स्थिरावल्यावरच बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळावेत, अन्यथा रबर पिळलेल्या अवस्थेतच जखडले जाऊन अकाली तडकते.