सल्ला न देण्याचं शिक्षण

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी भाची आमच्याकडे राहायला आली. साताऱ्याला बी. ए. केलं आणि मुंबईत समुपदेशन मानसशास्त्राच्या एम. ए.ला प्रवेश मिळाला. बहिणीनं फोनवर सांगितलं, "दादा, होस्टेल मिळेपर्यंत दोन महिने ठेवून घे." होस्टेल काही मिळालं नाही. दोन महिन्यांचं वर्ष झालं आणि आमच्या डोंबिवलीच्या घरातलं जेवणाचं टेबल रात्री नऊनंतर तिच्या ताब्यात गेलं.

एके रात्री पाणी प्यायला उठलो, तर बाईसाहेब कानात इअरफोन घालून काहीतरी उतरवून घेत होत्या. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं, लिहायचं. कादंबरीकाराचा स्वभाव, मी मागून डोकावलो. कागदावर ओळींना क्रमांक घातलेले. एका ओळीत नुसतंच "हं". पुढच्या ओळीत कंसात "सहा सेकंद शांतता". तिनं चटकन कागदावर हात ठेवला.

"मामा, हे तुम्ही वाचायचं नाही."

"अगं, अभ्यासच आहे ना?"

"अभ्यासच आहे. पण माझ्या मैत्रिणीनं हे मला सांगितलंय. तुम्हाला नाही."

खरं सांगायचं तर राग आला. पाणी पिऊन पडलो, पण झोप येईना. मग आठवलं, १९८३ साली मी बँकेत रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी एका कागदावर सही केली होती. निष्ठेची आणि गुप्ततेची प्रतिज्ञा. खातेदाराची शिल्लक सख्ख्या बायकोलाही सांगायची नाही. मी सदतीस वर्षं ती पाळली. मग या पोरीनं पाळली तर मला राग का यावा?

त्या रात्रीपासून मी या शिक्षणाकडे जरा लक्ष देऊ लागलो. माझी समजूत अशी होती की हे लोक दोन वर्षं शहाणपणाच्या गोष्टी शिकतात आणि मग त्या दुःखी माणसांना सांगतात. प्रत्यक्षात निम्मं शिक्षण सांगण्याची सवय मोडण्याचं निघालं.

वर्गात तिघातिघांचे गट करतात. एकानं आपली एखादी खरी, पण झेपेल एवढी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची, तिसऱ्यानं दोघांकडे पाहायचं. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करायचं आणि घरी येऊन ते शब्द न् शब्द उतरवायचं. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञानं १९४२ साली आपल्या पुस्तकात एका माणसाबरोबरच्या सगळ्या बैठका ध्वनिमुद्रणावरून जशाच्या तशा छापल्या. तोवर बंद दाराआड काय चालतं ते जगाला त्या उपचारकाच्या आठवणीतूनच कळायचं, आणि आठवण नेहमीच आपल्या बाजूची असते. यंत्राला अशी बाजू नसते. आपण समोरच्याचं वाक्य कुठे तोडलं, कुठे विषय बदलला, ते सगळं कागदावर उतरतं.

हे कागद घेऊन शिक्षिकेसमोर बसायचं. भाचीच्या एका कागदावर तिनं मैत्रिणीला लगेच उपाय सुचवला होता. तिथे शिक्षिकेनं समासात विचारलं होतं, "इथे घाई कोणाला होती? तिला की तुला?" (हे मला दाखवलं, कारण ते तिचं स्वतःचं होतं.) पोरगी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, समोरचं माणूस रडायला लागलं ना, की मलाच सहन होत नाही. म्हणून मी उपाय सांगते. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

प्रश्न कसा विचारायचा, याचाही अभ्यास असतो. "तुला राग आला का?" हा बंद प्रश्न. त्याला हो किंवा नाही, यापलीकडे वाट नाही. "तेव्हा मनात काय चाललं होतं?" हा खुला प्रश्न. आणि "का?" हा शब्द तर जपून वापरायचा. "अभ्यास का झाला नाही?", "उशीर का झाला?" असे सगळे "का" आपण लहानपणापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून ऐकलेले असतात. मी आयुष्यभर कर्जाच्या अर्जदारांच्या मुलाखती घेतल्या. आठवून पाहिलं, तर माझ्या तोंडून एकही खुला प्रश्न गेला नसावा. छापील अर्जात त्याला जागाच नव्हती.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. अडचण सुरू होते ती मराठी माणूस समोर बसला की. "तुम्हाला कसं वाटतंय?" असं विचारलं की समोरचा बिचकतो. टीव्हीच्या बातमीदारांनी तो प्रश्न पार बिघडवून ठेवला आहे. शिवाय आपल्याकडे "मला नैराश्य आलंय" असं म्हणत कोण येतं? माणसं म्हणतात, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, कशात मन लागत नाही, डोकं जड झालंय. ही भाषा ऐकायला शिकावं लागतं. आणि तिच्या मागे काय आहे ते एकट्यानं ठरवायचं नाही, हेही. थायरॉइड कमी असला तरी माणूस मरगळतो, उदास होतो. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवलंत का, हे विचारणं हासुद्धा अभ्यासक्रमाचा भाग आहे.

मात्र एके ठिकाणी मराठीनं तिचं काम सोपं केलं. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. आपल्याला घटना जेवढी छळत नाही, तेवढा तिच्याबद्दलचा आपला हट्ट छळतो, हे तिचं सूत्र. "मला चांगले गुण मिळावेत" ही इच्छा झाली. "मिळालेच पाहिजेत" हा हट्ट. भाची म्हणाली, "मामा, मराठीत एलिस एका अक्षरात सापडतो. वाक्यातला 'च' शोधायचा." तेव्हापासून आमच्या घरात कोणी "माझं ऐकलंच पाहिजे" म्हणालं, की बाकीचे "च, च" करतात. बहुतेक वेळा ते वाक्य माझं असतं.

आणखी एक गृहपाठ होता तो स्वतःच्या घराण्याचा नकाशा काढण्याचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली, आणि दोन माणसांत वैर असेल तर मधे नागमोडी रेघ. तीन पिढ्या एका कागदावर. तिनं आपल्या आईला, मला, गावच्या मावशीला फोन करकरून माहिती जमवली. तयार झालेला नकाशा पाहिला आणि मी थक्क झालो. आजोबा बांधावरून भावाशी बोलायचे बंद झाले. वडील वाटणीवरून काकांशी. मी कशावरून तरी धाकट्या भावाशी. तीन पिढ्यांत तीच रेघ! आमच्या घरात भांडण नसतं, अबोला असतो. चार कादंबऱ्या लिहूनही मला हे दिसलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपलं घर पाहून ठेवायचं, म्हणजे समोरच्याच्या गोष्टीत आपली गोष्ट मिसळत नाही, असं ते शिक्षण आहे.

या सगळ्याची परीक्षा आमच्याच घरी झाली. माझ्या मेव्हणीचा मुलगा बारावीनंतर खोलीबाहेर येईना. कोणाशी बोलेना. मेव्हणी रडकुंडीला आलेली. सौ. म्हणाली, "अगं, घरातच समुपदेशक असताना बाहेर कशाला जायचं? तू बोल त्याच्याशी." भाचीनं नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. एक तर आपण अजून शिकतो आहोत, आणि शिकून झालं तरी नात्यातल्यांचं समुपदेशन करायचं नसतं, असं सांगून तिनं दोन अनुभवी बाईंची नावं आणि फोन नंबर लिहून दिले.

घरात आठ दिवस वातावरण तंग. "डॉक्टर घरचा ताप बघत नाही का?" सौ.चा प्रश्न काही चुकीचा नव्हता. शेवटी भाचीच म्हणाली, "मामी, समजा त्यानं मला सांगितलं की त्याला आईचाच राग येतो. मग दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला बसताना मी मावशींकडे कोणत्या तोंडानं बघू? आणि मी बघणार हे ठाऊक असताना तो मला सांगेल तरी का?" सौ. गप्प झाली. मुलगा आता त्या दोघींपैकी एकीकडे जातो. काय बोलतो ते आम्हाला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच तो जात असावा.

गुप्ततेलाही सीमा आहेत, आणि त्या पहिल्याच भेटीत सांगायच्या असतात. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, न्यायालयानं आदेश दिला असेल, तर गप्प बसता येत नाही. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे ऐकताना मला बँकेच्या परीक्षेसाठी घोकलेला १९२४ सालचा इंग्लंडमधला टूर्नियर खटला आठवला. खातेदाराची माहिती बँकेनं कोणत्या चार प्रसंगी उघड करावी, ते त्यात सांगितलं आहे. कायद्याची सक्ती, लोकहित, बँकेचं स्वतःचं हित आणि खातेदाराची संमती. "तुमच्यात तिसरं आहे का?" मी विचारलं. "माझ्या सोयीसाठी सांगणं? ते तर मुळीच नाही," ती म्हणाली.

वाचकांच्या सोयीसाठी थोडं स्पष्ट करतो, कारण मलाही हा घोळ होता. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हे वैद्यकीय पदवीचे डॉक्टर, ते औषधं देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. समुपदेशकाच्या नावाची पाटी मात्र आपल्याकडे कितीतरी वर्षं कोणीही लावू शकत होतं. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली झालेल्या केंद्रीय कायद्यानं मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांनाही आपल्या यादीत घेतलं आहे. तरी जाणाऱ्यानं "तुमचं शिक्षण काय, कोणाच्या देखरेखीखाली काम केलंत?" हे विचारायला लाजू नये. सोनारालाही आपण विचारतोच की! आणि अडीनडीला, कुठे जावं हेच कळत नसेल, तर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आता माझी गोष्ट. ती सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

२००१ साली बँकांमधून स्वेच्छानिवृत्तीची लाट आली होती. आमच्या शाखेतले हेडकॅशिअर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. एका संध्याकाळी अर्ज हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "साहेब, काय करावं सुचत नाही." मी कॅल्क्युलेटर ओढला. सेवेच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, त्यावरचं व्याज. पाच मिनिटांत हिशेब मांडून दिला. "डोळे झाकून घ्या," म्हणालो. त्यांनी घेतली. आदल्याच वर्षी त्यांची पत्नी गेली होती. मूलबाळ नव्हतं. मला हे सगळं ठाऊक होतं.

दोन वर्षांनी स्टेशनवर भेटले. हसून म्हणाले, "हिशेब तुमचा बरोबर निघाला, साहेब. पण त्या दिवशी मला हिशेब विचारायचा नव्हता. सकाळी दहानंतर घरात करायचं काय, हे कोणापुढे तरी बोलायचं होतं."

पुढे मी काय केलं? त्यांच्यावर कादंबरी लिहिली. रिकाम्या घरात दहा वाजता कपडे करून बसणारा माणूस. नाव बदललं, गाव बदललं. तिचं बऱ्यापैकी कौतुकही झालं. भाचीला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "त्यांना विचारलं होतं?" पहिल्यांदा ऐकून घेतलं नाही, आणि दुसऱ्यांदा जे कानावर पडलं ते विकलं. लेखकाचा धंदाच असा असतो, हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण तिच्या वहीतलं "सहा सेकंद शांतता" आठवलं आणि मी गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. ठाण्यात, त्याच घरात. आता पंच्याहत्तरीचे आहेत. चहा झाल्यावर कादंबरीचा विषय काढला. ते म्हणाले, "वाचली होती मी. लायब्ररीतून आणून. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मीही बोललो नाही."

मी माफी मागितली. मग खुलासा करावासा वाटला, तो गिळला. एखादं सांत्वनाचं वाक्य आलं, तेही गिळलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. सहा सेकंद फार मोठे असतात, कधी मोजून पाहा. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय बोलायचं होतं?"

ते तासभर बोलले. मी मधे चार-पाच वेळा "हं" म्हटलं असेल.

ते काय बोलले, ते मात्र इथे लिहिणार नाही.