निस्तार : समुद्रतळावरील जीवरक्षणाची सिद्धता

कोकणच्या किनाऱ्याला सागराचे वैभव जितके परिचित, तितकेच त्याचे रौद्र रूपही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. दुर्घटनेची वार्ता मुंबईस पोहोचण्यातच कित्येक तास गेले. रत्नागिरीच्या ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचा प्रवास बोटीने केला, त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. समुद्रावरील संकटात मदत केव्हा पोहोचते, यावरच प्राण अवलंबून असतात.

पाणबुडीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढत जातो. फार खोलवर दार उघडून बाहेर पडणे म्हणजे मृत्यूच. ऑगस्ट २००० मध्ये रशियाची ‘कुर्स्क’ ही पाणबुडी स्फोटानंतर सुमारे १०८ मीटर खोलीवर तळाशी गेली. ११८ जणांपैकी २३ जण मागच्या कप्प्यात काही काळ जिवंत होते. नॉर्वेहून आलेल्या गोताखोरांनी नऊ दिवसांनी दार उघडले, तेव्हा आत कोणीही जिवंत उरले नव्हते.

असा प्रसंग आपल्या नाविकांवर ओढवला तर? या प्रश्नाचे उत्तर म्हणून भारतीय नौदलाने १२ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत खोल पाण्यातील बचावयान सेवेत घेतले. तशीच दुसरी यंत्रणा विशाखापट्टणम येथे आहे. हे यान ६५० मीटर खोलीपर्यंत काम करू शकते. सोनारच्या साहाय्याने पाणबुडीचा ठाव लागला, की दूरनियंत्रित यंत्र भोवतालचे अडथळे दूर करते. मग बचावयान पाणबुडीच्या सुटकेच्या दारावर बरोबर बसते. दोहोंमधील पोकळीतले पाणी उपसताच बाहेरचा प्रचंड दाबच यानाला पाणबुडीशी घट्ट धरून ठेवतो. दारे उघडतात आणि एका खेपेस १४ जण यानात येतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, तळाशी मुद्दाम बसवलेल्या पाणबुडीला यान जोडून माणसे हलवण्याची चाचणीही यशस्वी झाली.

अशा यानाला घटनास्थळी नेणारे मातृजहाज लागते. १८ जुलै २०२५ रोजी नौदलात दाखल झालेली ‘निस्तार’ ही त्याच कामासाठी देशात बांधलेली नौका. निस्तार म्हणजे संकटातून सुटका. ती विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधली गेली, आणि या गोदीचा आरंभ आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला पाठवून परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. १९४१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने या गोदीची पायाभरणी झाली. १९४८ मध्ये तेथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. पुढे १९५२ मध्ये हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने गोदीचा नवा अध्याय सुरू झाला.

या सिद्धतेलाही मर्यादा आहेत. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नंगाला’ पाणबुडी बेपत्ता होताच भारताने विशाखापट्टणमहून बचावयान रवाना केले. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच ८०० मीटरांहून अधिक खोलीवर तिचे अवशेष सापडले. ५३ जणांपैकी एकही वाचला नाही. रत्नागिरीसमोरची समुद्रबूड जमीन तुलनेने उथळ आहे. तेथे बचाव शक्य आहे. तिच्या कडेपलीकडे मात्र समुद्रतळ या यानाच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून पाणबुडी मुळात संकटात पडू नये, यासाठी तिची निगा आणि तपासणी यांना पर्याय नाही.

बचावयानावरील खर्च कोणत्याही खतावणीत नफा म्हणून दिसत नाही. ते वर्षानुवर्षे वापराविना राहावे, हीच सर्वांची इच्छा. तरीही ते प्रत्येक दिवशी सज्ज असावेच लागते. जहाजबांधणी, सागरी अभियांत्रिकी आणि समुद्रविज्ञान या क्षेत्रांत आज कुशल मनुष्यबळाची गरज आहे. दुकानाच्या गादीवरून समुद्राकडे पाहणाऱ्या वालचंदांचा वारसा सांगणाऱ्या घरांनी आपल्या मुलामुलींना ही वाट अवश्य दाखवावी.