माशी नेमकी कुठे शिंकते?

“माशी जिवंत लावता की मेलेली?” शेजारच्या काकांनी हा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला होता. टेबलाच्या कडेला छोटा व्हाइस आवळून, त्यात नखाएवढा गळ धरून, मी त्यावर दोरा गुंडाळत बसलो होतो. फ्लाय म्हणजे माशी, तेव्हा फ्लाय फिशिंग म्हणजे माशी लावून मासे धरणं, असा काकांचा सरळ हिशोब. प्रत्यक्षात या सगळ्या उद्योगात माशी कुठेच नसते. गळ, दोरा, पीस, केस, लोकर, फार तर तांब्याची तार. यातून जे तयार होतं त्याला फ्लाय म्हणायचं. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. कोकणात गरवायला बसलेला माणूस गरीला शिसं लावतो आणि त्या वजनावर दोरी लांब जाते. इथे उलटं असतं. दोरीच जाड आणि जड केलेली असते, ती पुढे जाते आणि फ्लाय तिच्यामागून जाते.

हा साहेबांनी काढलेला शौक आहे, असंही बरेच जण मानतात. इंग्रजांनी त्याचे नियम, क्लब आणि ग्रंथ केले हे खरं. पण एलिअन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे 1800 वर्षांपूर्वी मॅसिडोनियातल्या मच्छीमारांचं वर्णन करून ठेवलंय. ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची दोन पिसं लावत. त्यांना हा शौक नव्हता, ते पोटासाठी मासे धरत होते.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे फ्लाय किड्याची हुबेहूब नक्कल हवी. नवशिका तासभर खपून डोळे, सहा पाय, मिश्या, पारदर्शक पंख असं सगळं लावतो. काचेच्या पेटीत ठेवायला उत्तम, पण मासा फिरकत नाही. इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या नेदरएव्हनला फ्रँक सॉयर नावाचा नदीचा राखणदार होता. पाण्यातल्या अळीसारखी त्याची फेझंट टेल निम्फ ही फ्लाय जगभर चालते आणि तिला एकही पाय नाही. हा काही आळस नव्हे. सॉयरने वर्षानुवर्षं पाण्यात डोकावून पाहिलं होतं की मेफ्लायची पोहणारी अळी पोहताना पाय अंगाला चिकटवून घेते. मग पाय दाखवायचे कशाला?

तिची बांधणीही पाहण्यासारखी आहे. दोरा अजिबात नाही, फक्त केसासारखी बारीक तांब्याची तार. गळाच्या दांड्यावर तारेचे वेढे घ्यायचे आणि छातीच्या जागी थोडे जास्त घेऊन फुगवटा आणायचा. फेझंटच्या शेपटीच्या पिसातले चार तंतू मागच्या टोकाशी असे पकडायचे की त्यांची अणकुचीदार टोकं शेपूट म्हणून बाहेर राहतील. मग तेच तंतू तारेला पीळ देऊन पुढपर्यंत गुंडाळायचे, छातीवर मागे-पुढे दुमडायचे, की पाठीवरचा गडद उंचवटा तयार. तारेच्या वजनाने ती पाण्यात शिरते, फुगवट्याने अळीचा आकार येतो. दोनच वस्तू, पण प्रत्येक वेढ्याला कारण आहे.

दुसऱ्या टोकाला अ‍ॅडम्स. 1922 मध्ये मिशिगनमध्ये लेन हॅलडेने बांधलेली ही करडी फ्लाय कोणत्याही एका किड्यासारखी दिसत नाही, पण अनेकांची आठवण करून देते. आकार, ठेवण, हालचाल आणि पाण्यात ती कुठे राहते हे आधी पाहायचं. रंग त्यानंतर, आणि डोळे-मिश्या माणसासाठी.

“बांधणे” या आपल्या शब्दानेही घोळ होतो. बांधायचं म्हणजे गाठी मारायच्या, असं वाटतं. फ्लायमध्ये गाठ बहुधा एकच, शेवटची. बाकी सगळं दोऱ्याच्या ताणावर टिकतं. दोऱ्याची रीळ ज्या तारेच्या चिमट्यात असते त्याला बॉबिन होल्डर म्हणतात (शिवणयंत्रातली बॉबिन वेगळी). हात सोडला की तो खाली लोंबतो आणि त्याच्या वजनाने ताण कायम राहतो. पीस लावताना नवशिक्याची माशी हमखास इथे शिंकते. तो दोरा थेट ओढतो आणि पीस दोऱ्याबरोबर फिरून गळाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसतं. त्यावर उपाय बोटांचा आहे. पीस आणि गळ अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरायचा, दोऱ्याचा सैल वेढा त्या चिमटीतूनच वर न्यायचा, पलीकडे उतरवायचा आणि मग सरळ खाली ओढायचा. असे दोन वेढे बसले की पीस हलत नाही. शेवटची गाठ म्हणजे क्रिकेट बॅटच्या मुठीवरची दोरी आठवा: वेढ्यांवर वेढे आणि टोक त्याच वेढ्यांखाली ओढून घेतलेलं.

डबिंगचं नाव ऐकून लोक बिचकतात. आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला ते पाच मिनिटांत जमेल, कारण ते वात वळणंच आहे. दोऱ्याला किंचित मेण, त्यावर सशाच्या केसांची चिमूट, आणि दोन बोटांत एकाच दिशेने वळायचं. पुढे-मागे वळलं तर वातीसारखंच उकलतं. चूक होते ती केस जास्त घेतल्याने. वाटतात त्याच्या निम्मे घ्या, मग त्यातलेही थोडे काढा.

आता पिसांकडे येऊ. इथला गैरसमज गमतीचा नाही. चांगल्या फ्लायला दुर्मीळ पक्ष्यांची पिसं लागतात, ही समजूत व्हिक्टोरियन काळातल्या सॅमन फ्लायमधून आली. जगभरच्या वसाहतींतून लंडनला पिसं येत, ती एकाच गळावर रचायची आणि जितकी महाग तितकी मानाची. त्यातला विनोद असा की अटलांटिक सॅमन अंडी घालायला नदीत चढतो तेव्हा खाणं जवळजवळ थांबवतो. तो फ्लायवर झडप का घालतो यावर वाद आहेत, पण ती कुठल्या पक्ष्याच्या पिसाची आहे याची त्याला फिकीर असण्याचं कारण नाही.

माणसाला मात्र असते. जून 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने रात्री खिडकीतून शिरून 299 पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली. लंडनमध्ये बासरी शिकणारा हा पोरगा उत्तम सॅमन फ्लाय बांधायचा. चोरीच्या मालात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले नमुनेही होते. बऱ्याच कातड्यांच्या चिठ्ठ्या तोडल्या गेल्या. पक्षी कुठे, कधी मिळाला हे चिठ्ठीवर असतं, आणि चिठ्ठी गेली की अभ्यासासाठी नमुना जवळपास निकामी. पोरगा पकडला गेला, शिक्षाही झाली, पण सगळी पिसं परत मिळाली नाहीत.

ज्यांच्या पिसांना सॅमन फ्लायवाल्यांची अशी मागणी, त्यातला एक पक्षी आपल्या सह्याद्रीतला आहे. पाश्चात्त्य फ्लायवाले ज्याला जंगल कॉक म्हणतात तो आपला राखी रानकोंबडा. पहाटे जंगलात त्याचं आरवणं ऐकलं असेल. नराच्या मानेवरच्या पिसांना मेणाचा थेंब पडावा तसे चकचकीत पिवळट-पांढरे ठिपके असतात. फ्लायच्या डोक्याशी ते बसवले की माशाच्या डोळ्याचा भास होतो. यासाठी आपले रानकोंबडे मोठ्या प्रमाणात मारले गेले. आज परदेशात हे पीस कायदेशीररीत्या मिळतं ते तिथे पाळून वाढवलेल्या पक्ष्यांचं. इथे तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. “गावाकडून आणून देतो” म्हणणारा कुणी भेटला तर सरळ नाही म्हणा. मोराचं तसंच: आपोआप गळलेलं पीस देशात बाळगता येतं, पण ते बाहेर पाठवायला बंदी आहे. परदेशातल्या मित्राला भेट म्हणून पाकिटात घालू नका.

मग वापरायचं काय? कोंबडा, बदक, टर्की, ससा. जुन्या सॅमन फ्लायसुद्धा रंगवलेल्या हंसाच्या आणि टर्कीच्या पिसांत सुंदर बांधता येतात. कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला लागणारं कडक, लांब पीस खास त्यासाठी जोपासलेल्या कोंबड्यांचं येतं. 2011 मध्ये अमेरिकेत केसांत पिसं माळायची फॅशन आली आणि सलूनवाल्यांनी ही सगळी पिसं उचलली. फ्लायच्या दुकानांत खडखडाट झाला, भाव आभाळाला भिडले. मासेमार मंडळी इतकी चिडलेली क्वचितच दिसली असतील.

हत्यारांबद्दल थोडक्यात. तीस वस्तूंचा संच घेऊ नका. मी घेतला होता. त्यातल्या पाच वापरतो आणि व्हाइस तर सहा महिन्यांतच गळ धरेनासा झाला. व्हाइस, टोकदार कात्री, बॉबिन होल्डर, एक दाभण, पीस धरायचा चिमटा यात बहुतेक कामं होतात. अमेरिकेतले ली वुल्फ तर व्हाइसशिवाय, नुसत्या बोटांत गळ धरून बांधत. पैसे घालायचे तर बॉबिन होल्डरच्या नळीवर घाला. तिची कड खरखरीत असली की दोरा ऐन वेळी तुटतो आणि दोष आपण स्वतःच्या हाताला देतो. तारेसाठी जुनी कात्री वेगळी ठेवा. शेवटच्या गाठीवर लाखेऐवजी नेलपॉलिशचा थेंब चालतो.

आकड्यांचा गोंधळ मात्र खरा आहे. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, म्हणजे 16 नंबरचा 10 पेक्षा बारीक. पण 1 नंतर 1/0, 2/0 सुरू झाले की आकडा वाढतो तसा गळही वाढतो. दोऱ्याचे जुने नंबर, 6/0, 8/0, कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे एकाचा 8/0 दुसऱ्याच्या 6/0 इतका असू शकतो. डेनिअर पाहावा: 9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. इचलकरंजी-भिवंडीच्या माणसाला हे सांगायला नको. काउंट वाढला की सूत बारीक, डेनिअर वाढला की जाड. सुरुवातीला 70 आणि 140 डेनिअरच्या दोन रिळा पुरतात.

कोरडी फ्लाय हलकी म्हणून तरंगते, हेही अर्धवट खरं. गळ पोलादी आहे, तो बुडणारच. पिसाचे ताठ तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतात आणि पृष्ठताणावर ती फ्लाय उभी राहते. बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसं तेलामुळे तरंगतात असं सर्रास सांगतात. मुख्य काम करते ती त्या बारीक तंतूंमध्ये अडकलेली हवा. म्हणूनच त्यांना चिकट जेल फासलं की तंतू एकमेकांना चिकटतात आणि फ्लाय बुडते.

घरी बांधल्याने पैसे वाचतात, असं कुणी म्हणालं तर त्याच्या घरातल्यांना विचारा.

शेवटचा समज असा की हे सगळं ट्राउटसाठी, आणि ट्राउट म्हणजे हिमालय. हिमाचलची तीर्थन, काश्मीरचे ओढे, निलगिरी ही ट्राउटची ठिकाणं खरी. पण तो मासा तिथेही ब्रिटिश काळात बाहेरूनच आणलेला. महसीर आपला. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन सायक्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1839 मध्ये केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. महसीर फ्लाय घेतो, आणि खाडीतला जिताडाही घेतो. ऑस्ट्रेलियात जिताड्यासाठी क्लाउझर मिनो ही धातूचे डोळे लावलेली साधी फ्लाय सर्रास वापरतात: हरणाच्या शेपटीचे केस, जड डोळे, बस. डोळ्यांच्या वजनाने ती ओढ-सोड केली की डोकं खाली-वर करत चालते. तिथे चालते ती रायगडच्या खाडीत का चालू नये? मात्र कुठेही जाण्याआधी परवाना आणि बंद हंगाम तपासा. हिमाचलमध्ये ट्राउट नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असतो. आणि गळाचा उलटा काटा फ्लाय बांधण्याआधीच पकडीने दाबून टाका. मासा सोडणं सोपं जातं, आणि गळ तुटायचाच असेल तर मेहनत वाया जाण्याआधी तुटतो.

पहिल्या डझनभर फ्लायमध्ये एक चूक हमखास होईल. पुढे जागा उरणार नाही आणि गळाचं नेढं दोऱ्याखाली बुजेल. त्या फेकू नका. दाढीच्या ब्लेडने सगळं कापून काढा, गळ पुसा आणि पुन्हा बांधायला घ्या.