भाडेपट्ट्यावरील संहिता

जयपूरच्या सी-स्कीम भागातील माझ्या घरी मराठी पुस्तकांचे एक कपाट आहे आणि त्यात सुहास शिरवळकरांची ‘समांतर’ ही कादंबरी आहे. प्रकाशनसंस्था बंद पडो वा हक्क कोणाकडेही जावोत, विकत घेतलेली ही प्रत परत नेण्याचा अधिकार कोणास नाही. याच कादंबरीवरील मालिकेचे पहिले पर्व 2020 साली व दुसरे 2021 साली एमएक्स प्लेअरवर आले. ती सेवा 2024 साली ॲमेझॉनच्या ताब्यात गेली. मालिकेच्या प्रेक्षकाजवळ मात्र प्रत अशी कधी नव्हतीच. त्याला लाभली होती ती पाहण्याची तात्पुरती अनुज्ञा. या भेदाचा टीकाव्यवहाराशी जो संबंध पोहोचतो, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

नियंत्रण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परिनिरीक्षक उभा राहतो. मराठी रंगभूमीला तो चांगलाच परिचित आहे. 1972 साली आलेल्या तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, व तेथे ते जिंकले. आंतरजालावरील ज्या दूरचित्रसेवांना लोक ‘ओटीटी’ म्हणतात, त्यांना चित्रपटाप्रमाणे पूर्वप्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय नियमांनी त्यांच्यावर वयानुसार वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि तक्रारींसाठी तीन पायऱ्या आखल्या : आधी सेवा स्वतः, मग व्यावसायिकांची स्वनियामक संस्था, आणि शेवटी शासन. याच नियमांतील नीतिसंहितेच्या बंधनाला पत्रकार निखिल वागळे आदींनी आव्हान दिले असता, मुंबई उच्च न्यायालयाने 14 ऑगस्ट 2021 रोजी नियम 9 च्या पहिल्या व तिसऱ्या पोटनियमांना अंतरिम स्थगिती दिली.

हे सारे वाद उघड्यावर होतात. आदेश निघतो, त्याला कारणे द्यावी लागतात, त्यावर दाद मागता येते. परिनिरीक्षकाविषयी प्रेम नसणाऱ्यालाही एवढे मान्य करावे लागेल. परवान्याच्या मार्गाने होणाऱ्या नियंत्रणाला यांपैकी काहीच लागत नाही. ‘अन्नपूर्णी’ या तमिळ चित्रपटाचेच पाहा. प्रमाणपत्र मिळवून तो डिसेंबर 2023 मध्ये चित्रपटगृहांत झळकला, त्याच महिन्यात नेटफ्लिक्सवरही आला. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि जानेवारी 2024 मध्ये तो तेथून नाहीसा झाला. त्याला कोणा न्यायालयाचा मनाईहुकूम कारण नव्हता. हक्कधारकाच्या विनंतीवरून तो काढल्याचे सांगण्यात आले. दोन व्यावसायिकांमधील करार हेच येथे परिनिरीक्षण मंडळ झाले, आणि त्यापुढे लेखकाला वा रसिकाला उभेच राहता येत नाही.

कायद्याला सक्तीचा परवाना अपरिचित आहे असे नव्हे. भाषांतरकार म्हणून प्रस्तुत लेखकाला स्वामित्वहक्क कायद्याचे कलम 32 जवळचे वाटते : प्रथम प्रकाशनानंतर 7 वर्षे लोटली आणि मालकाने त्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले नसेल, तर परवाना मागता येतो. 2012 च्या दुरुस्तीने प्रसारणसंस्थांनाही ठरीव मानधन देऊन प्रकाशित गीते व ध्वनिमुद्रणे वापरण्याची सोय कलम 31-घ मध्ये मिळाली. पण ही सवलत आंतरजालावरील सेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ‘टिप्स’ व ‘विंक’ यांच्या वादात 2019 साली ठरवले आणि 2022 साली खंडपीठाने ते उचलून धरले. संगीतकारांच्या दृष्टीने निर्णय न्याय्य असेलही. या क्षेत्रात मालकाची संमती हीच पहिली आणि शेवटची गोष्ट, एवढे मात्र त्याने स्पष्ट झाले.

पुस्तकांसाठी 1954 चा कायदा आहे. प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व अन्य तीन ग्रंथालयांना प्रत द्यावी, असे तो सांगतो. क्षुद्रातल्या क्षुद्र कादंबरीलाही मिळणारे हे संरक्षण मराठीतील उत्तम मालिकेला नाही. अशी ठेवप्रत सक्तीची करावी, ही मागणी खरे तर साहित्यसंस्थांकडूनच यायला हवी. पटकथा हेही वाङ्मयच आहे.

मागे एका मराठी मालिकेतील बोलीवर मी टिपण लिहीत होतो. एका संवादातील क्रियापदाचे रूप पडताळून पाहण्यासाठी तो भाग पुन्हा लावला, तर मालिका त्या सेवेवरून गेलेली होती. पत्र पाठवले, त्याला उत्तर आले नाही. स्मरणावर विसंबून अवतरण देणे मला पटेना. अखेर ते वाक्य गाळूनच टिपण छापखान्यात धाडले.