कुरकुर पायांची

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात पहाटे रस्त्यावर कुणी पळताना दिसलं, तर तो पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा तरी असायचा, नाहीतर सुटलेली एस.टी. गाठणारा प्रवासी. आता चित्र बदललं आहे. बँकेतले साहेब पळतात, दवाखाना उघडण्याआधी डॉक्टर पळतात, पंजाबी ड्रेसवर बूट घालून शाळेतल्या बाई पळतात. वय विचाराल तर चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. जिंकायचं कुणालाच नसतं. पण जानेवारीतली मुंबईची मॅरेथॉन किंवा साताऱ्याची घाटातली अर्ध मॅरेथॉन एकदा पुरी करायची, एवढी एक जिद्द मनात असते.

मी कविता लिहिणारा माणूस. तरी गेली काही वर्षं या मंडळींच्या मागून, माझ्या चालीनं, पळतो आहे. पळून झाल्यावर चहाच्या टपरीवर ज्या गप्पा होतात त्या मला फार आवडतात. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिथं वेळेच्या आणि अंतराच्या गप्पा पाच मिनिटं चालतात आणि गुडघ्याच्या, टाचेच्या, नडगीच्या गप्पा अर्धा तास. आज त्या अर्ध्या तासाबद्दल बोलायचं आहे.

आधी मॅरेथॉन म्हणजे काय ते पाहू. पूर्ण मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला आणि १९२१ मध्ये तोच जगभर प्रमाण मानला गेला. आपल्याकडेही या शर्यतीची मुळं जुनी आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यांच्या पुढाकारानं १९२० मध्ये अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथं अंतर आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच होतं. चौगुल्यांनी ते सुमारे २ तास ५० मिनिटांत पार केलं आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. पुढं १९८३ मध्ये पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, २००४ मध्ये मुंबईची, २०१२ मध्ये साताऱ्याची. पळणं मैदानातून मोहल्ल्यात आणि कॉलनीत आलं ते या वाटेनं.

चौगुल्यांच्या पिढीला लहानपणापासून पायांची सवय होती. आमच्यातले बहुतेक जण वीस वर्षं खुर्चीत बसून मग उठले आहेत. फरक इथंच पडतो.

मीटरभराचं एक पाऊल धरलं, तर पूर्ण मॅरेथॉनमध्ये बेचाळीस हजारांवर पावलं पडतात. पळताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या एका पायावर दर वेळी दीड-दोन क्विंटलचं पोतं आदळतं म्हणा ना. शरीर हे सोसू शकतं, पण त्याला तयारीला वेळ लागतो. आणि शरीराचे सगळे भाग एका वेळी तयार होत नाहीत, ही खरी गोम आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. महिना-दीड महिन्यात माणसाला वाटतं, अरे, आता दम लागत नाही, वाढवू या अंतर! पण स्नायू हाडाला जोडणारी कंडरा, जिला आपण बोलताना शीर म्हणतो, ती महिन्यांच्या हिशेबानं बळकट होते. हाडाचं तर आणखी वेगळं. भार पडला की हाड आधी जुना भाग झिजवतं आणि मग तिथं नवा, घट्ट भाग भरतं. या मधल्या काळात ते पूर्वीपेक्षा थोडं कमकुवत असतं. घराची भिंत नव्यानं बांधायला काढली आणि त्याच दिवशी माळ्यावर धान्याची पोती चढवली, तर काय होईल? नवशिक्या धावणाऱ्याच्या नडगीचं तेच होतं.

म्हणून ही दुखणी बहुधा पळायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतात, अगदी उत्साहाच्या भरात. त्यांना मी कुरकुर म्हणतो. डॉक्टरकडे जावं इतकी ती मोठी नसते आणि विसरून जावं इतकी लहानही नसते.

तिचे काही ठरलेले प्रकार आहेत. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेखाली खिळा टोचल्यासारखं होतं आणि चार पावलांनी कमी होतं. ही तळव्याच्या जाड पडद्याची तक्रार. टाचेच्या मागं, पोटरी जिथं निमुळती होते तिथली कंडरा सकाळी ताठर वाटते. जिना उतरताना किंवा सिनेमागृहात बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं. काहींना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, ठरावीक अंतर पळल्यावर, सुरी फिरवल्यासारखी कळ येते. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढताना दम निघतो, पण मांड्या धरतात त्या उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो आणि हे काम त्याला सर्वांत जड जातं. दोन-तीन दिवस जिन्यावरून उलटं उतरावं लागतं, पण ते दुखणं आपोआप जातं.

आणि मग नडगी. इथं मला जरा थांबायचं आहे.

आमच्या चमूत एक शिक्षिका आहेत. वय बेचाळीस. त्यांनी पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं, पैसे भरले. शाळेत सगळ्यांना ठाऊक झालं. त्यांच्याकडे बघून कॉलनीतल्या सात-आठ बायका सकाळी चालायला बाहेर पडू लागल्या होत्या. नोव्हेंबरात त्यांची नडगी दुखू लागली. टपरीवर सल्ल्यांचा पाऊस पडला. बाम लावा, गरम पट्टी बांधा, बूट बदला, ‘दुखतंय म्हणजे कमावतंय’ असंही कुणी म्हणालं. त्या पळत राहिल्या. सुरुवातीला नडगीभर पसरलेलं दुखणं डिसेंबरात एका बोटाएवढ्या जागी येऊन बसलं. रात्री झोपेतही ठणका लागे. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. पण एका जाणत्या फिजिओथेरपिस्टनं एका पायावर उडी मारायला सांगितली, ती त्यांना मारता येईना. मग एमआरआय झाला आणि हाडातली बारीक चीर दिसली. सुरुवातीच्या आठवड्यांत अशी चीर एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं. मुंबईची शर्यत गेली. महिना-सव्वा महिना कुबडी आणि त्यानंतर बराच काळ नुसतं चालणं.

त्यांच्या तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. सकाळी पळून, घरातल्यांचे डबे करून, स्वतः मात्र चहा-बिस्किटावर त्या शाळेत जात होत्या. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की हाडाला डागडुजीला सामान मिळत नाही. बायकांमध्ये याचा पहिला इशारा म्हणजे पाळी अनियमित होणं. आपल्याकडे हे कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम इथं बोलतो आहे. पळणाऱ्या बाईनं पोटभर जेवणं हा लाड नाही.

मग कुठल्या कुरकुरीला दाद द्यायची आणि कुठलीकडे काणाडोळा करायचा? जाणकार साधा हिशेब सांगतात. दुखणं शून्य ते दहा या मापात मोजा. दोन-तीनपर्यंत असेल, पळताना वाढत नसेल, दुसऱ्या सकाळी मागच्या सकाळपेक्षा जास्त नसेल, तर सांभाळून पळायला हरकत नाही. पाचच्या वर गेलं किंवा चाल बिघडली, तर त्या दिवशी थांबा. आणि दुखणं एका बोटानं दाखवता येईल अशा हाडावरच्या जागी असेल, रात्री ठणकत असेल, सूज असेल, तर टपरीवरचे सल्ले बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. लंगडत पळणारा माणूस एक दुखणं वाचवायला दुसरं विकत घेतो.

थांबणं म्हणजे पलंगावर पडून राहणं मात्र नव्हे. याची एक गंमतशीर गोष्ट आहे. हॉकन आल्फ्रेडसन हे स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद, स्वतः धावणारे. १९९० च्या दशकात त्यांच्या टाचेमागची कंडरा काही केल्या बरी होईना. त्यांनी वरिष्ठांकडे शस्त्रक्रियेची मागणी केली. वरिष्ठ म्हणाले, कंडरा तुटलेली नाही, मग कापायची कशाला? आल्फ्रेडसन वैतागले. तुटायलाच हवी ना, मग मी तोडतो, म्हणून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून, पाठीवर वजन घेऊन, टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम त्यांनी सुरू केला. कंडरा तुटली नाहीच, उलट काही आठवड्यांत दुखणं गेलं! मग पंधरा हौशी धावपटूंना त्यांनी हाच व्यायाम दिवसातून दोनदा, बारा आठवडे दिला. ते पंधराही जण पुन्हा पळू लागले. १९९८ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट त्या धर्तीचे व्यायाम देतात. कंडरेला योग्य मापाचा, सावकाश वाढणारा भार हवा असतो. हे माप मात्र जाणकाराकडूनच घ्यावं.

बर्फाचंही तसंच. दुखलं की विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा चौकडीचा मंत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये दिला. पुढे २०१४ च्या सुमारास त्यांनी स्वतःच सांगितलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उशीर होऊ शकतो. बर्फानं ठणका कमी होतो, तेवढ्यापुरता तो लावावा. लांब पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची खोड तर फार वाईट. घामानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, शिवाय थांबण्याचा इशाराच बंद करून टाकतात. पाण्याचाही अतिरेक नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंची तपासणी झाली, तेव्हा सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेलं आढळलं आणि त्यामागं शर्यतीत जास्त पाणी पिणं हे मोठं कारण होतं. तहान लागेल तसं प्यावं, हा आजीचा नियम तिथंही खरा ठरला.

दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा एक नियम सगळे सांगतात. २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर तो तपासला गेला. नियम पाळणारे आणि थोडं भरभर वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झालीच. म्हणजे आकडा पाळला की सुटलो, असं नाही. त्या आठवड्यात झोप किती झाली, घरी आजारपण आहे का, ऑफिसात मार्च एंड आहे का, हेही पाय मोजत असतात. आमच्यातले काही जण रमजानमध्ये रोजे धरतात. ते त्या महिन्यात इफ्तारच्या थोडं आधी किंवा तरावीहनंतर हलकंसं पळतात. त्यांना रोज्यांत क्वचितच काही होतं. पाय बोलतात ते ईदनंतर, शिरखुर्मा पचायच्या आत जुन्या अंतरावर उडी मारली की! दिवाळीनंतर बाकीच्यांचंही हेच.

आपल्या वारीकडे पाहा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सत्तरीची म्हातारीही ते चालते, कारण वाट मुक्कामांत वाटून दिलेली आहे. आजचं चालणं आज आणि संध्याकाळी पायांना तेल. वाटेत विसावे आहेत, आणि विसाव्याला कुणी आळस म्हणत नाही. हौशी धावणाऱ्यानं आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवसाकडे तसंच पाहावं.

एक भीती मात्र काढून टाकायला हवी. ‘पळून गुडघे झिजतात’ असं घरचे हमखास सांगतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. हौसेनं पळणाऱ्यांत गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघालं, न पळणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत तेरा टक्क्यांच्या. मुळात ज्यांचे गुडघे चांगले तेच पळत राहतात, हे लक्षात घेऊनही, बेतानं पळणं गुडघ्यांचं शत्रू नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

आमच्या शिक्षिकाबाई पुढच्या वर्षी अर्ध मॅरेथॉन पळाल्या. पूर्ण पळायची घाई त्यांना आता नाही. मला त्यांची आणखी एक गोष्ट मोठी वाटते. यंदा चमूतल्या एका तरुणाची नडगी दुखायला लागली, तेव्हा त्याला टपरीवर बसू न देता त्या थेट दवाखान्यात घेऊन गेल्या. शर्यतीला उभं न राहण्याचा निर्णय त्याला कमीपणाचा वाटत होता. बाई म्हणाल्या, ‘‘शर्यत दर जानेवारीला येते रे. पाय दोनच आहेत.’’

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)