वाचायचं कोणी, सांगायचं कोणी

रोमन कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत वाचायचे पाठ ठरलेले असतात आणि तीन वर्षांच्या फेऱ्याने ते परत येतात. या फेऱ्यात ऑगस्टअखेरच्या एका रविवारी इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातला पाचवा अध्याय येतो. मागे तो २५ ऑगस्ट २०२४ ला आला होता. पत्नीने पतीच्या अधीन असावे, असे सांगणारा हा उतारा. ऐकणाऱ्यांना तो जड जातो हे ओळखून वाचनाच्या पुस्तकात एक छोटा पाठही दिलेला असतो. त्यात या ओळी गाळलेल्या असतात.

बँकेच्या अंधेरी शाखेत माझ्याबरोबर असलेल्या एक बाई, मरोळकडच्या ईस्ट इंडियन, निवृत्तीनंतर मराठी मिस्सेत पाठ वाचतात. तुम्ही छोटाच वाचत असाल ना, असं मी त्यांना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही साहेब, मी पुरता वाचते. त्याच्या आधीच्याच ओळीत सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं, असं आहे. छोटा पाठ घेतला की तेही जातं. पुरुषमंडळींना पुढचं वाक्य लग्नापासून पाठ असतं. आधीचं कोणी ऐकवायचं?"

मी आयुष्यभर कर्जाचे कागद वाचले. आधीचं कलम गाळून पुढचं वाचलं की काय अनर्थ होतो, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

या बाई वेदीशेजारी उभ्या राहून वाचतात, ही गोष्टही फार जुनी नाही. १९१७ च्या चर्च-कायद्याप्रमाणे स्त्रियांनी मिस्सेला डोकं झाकून यायचं होतं. वाचन वगैरे तर दूरच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वारं बदललं, स्त्रिया पाठ वाचू लागल्या. पण 'वाचक' हे रीतसर पद १९७२ च्या फर्मानाने पुरुषांसाठीच राखलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी ते स्त्रियांना खुलं केलं जानेवारी २०२१ मध्ये. आमच्या बँकेत याला 'ऑफिशिएटिंग' म्हणत. खुर्चीवर बसून सगळं काम करायचं, सह्या करायच्या, पण पदोन्नतीचं पत्र मागू नये. ते आमच्याकडे काही महिने चालायचं, इथे पन्नास वर्षं चाललं.

आणि वाचन झाल्यावर अर्थ सांगतात ते फादरच. गंमत म्हणजे याच समाजात लग्नाआधीचं 'उंबराचं पाणी' विहिरीवरून वाजतगाजत आणतात त्या बायका. त्या विधीत कोणी फादर लागत नाही. घरचा धर्म बायकांकडे, देवळातला पुरुषांकडे, ही वाटणी आपल्याला काही परकी नाही.

शास्त्रात याला आधार काय? पौलाच्या पत्रांत स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे, हे खरं. पण त्याच करिंथकरांस पत्रात, तीन अध्याय आधी, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी डोकं झाकावं असंही आहे. गप्प बसणारी संदेश कसा देईल? रोमकरांस पत्राच्या शेवटी फीबी नावाच्या बाईची ओळख करून दिली आहे, आणि तिच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द चर्चच्या पुरुष सेवकांनाही वापरलेला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात स्त्रीला 'साहाय्यक' म्हटलं, त्यावरून तिला दुय्यम ठरवतात. तोच हिब्रू शब्द जुन्या करारात अनेकदा खुद्द देवासाठी येतो. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा घेऊन गेली ती मरिया मग्दालिया. २०१६ मध्ये तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला.

एवढं असूनही १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी निर्णय दिला, की स्त्रीला धर्मगुरूची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही; येशूने बारा प्रेषित पुरुषच निवडले. प्रोटेस्टंटांच्या उत्तर भारतीय चर्चमध्ये स्त्रिया पाळक होतात. दक्षिण भारतीय चर्चने तर २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्यालला स्त्री बिशप नेमली. शास्त्र एकच, वाचणारे निराळे.

मराठी मुलखात हा प्रश्न सर्वांत नेटाने विचारला तो पंडिता रमाबाईंनी. ज्या घरात बाईला संस्कृत शिकवल्याबद्दल वडिलांना, अनंतशास्त्री डोंगऱ्यांना, पंडितांपुढे जाब द्यावा लागला, त्या घरातली ही मुलगी. पुराणं तोंडपाठ, पण कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी हाती वेद दिला तेव्हा ती बिचकली होती, कारण बाईने तो वाचायचा नसतो. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नव्या धर्मात ही अडचण संपली असं त्यांना वाटलं असेल, तर ते फार टिकलं नाही. १८८५ मध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं, असा विचार निघाला. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी मोडता घातला. त्यांचं म्हणणं, अशाने भारतात रमाबाईंच्या कामाचं नुकसान होईल. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या भरल्या सभांत व्याख्यानं दिली होती, तिला हे सांगितलं जात होतं! रमाबाई खवळल्या. आपल्या विवेकाचा मक्ता आपण कोणाला दिलेला नाही, अशा आशयाची त्यांची पत्रं आज छापील उपलब्ध आहेत. मिशनऱ्यांनी त्यांना हट्टी म्हटलं, पुणेकरांनी धर्मबुडवी.

पुढे मुंबईत चौपाटीजवळ १८८९ मध्ये शारदा सदन, मग पुणे, मग केडगावचं मुक्ती मिशन. तिथे उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल एकटीने मराठीत आणायला बसल्या. उपलब्ध भाषांतरं संस्कृत शब्दांनी जड झालेली, खेड्यातल्या बाईला न कळणारी, ही त्यांची तक्रार होती. हा सूड गोड म्हणायचा की निव्वळ गरज, मला ठरवता येत नाही. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली मिशनच्या छापखान्यात टाइप जुळवत, छपाई करत. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडलं. मूळ भाषांतून आणलेलं बाईने, खिळे जुळवले बायकांनी.