विश्लेषण : शहर ३२ हजारांचे, स्टेडियम ३८ हजारांचे… फ्रान्सच्या ‘लाँस’मध्ये हे कसे घडले?

फ्रान्समधील फुटबॉल म्हटले की आपल्या मोबाइलवर पहिले नाव येते ते पॅरिस सेंट जर्मेनचे (पीएसजी). मेस्सी, नेमार, एम्बापे आणि कतारचा पैसा. मात्र पॅरिसच्या उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या एका छोट्या शहरात वेगळेच चित्र दिसते. तेथे मध्यंतर संपून खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात तेव्हा हजारो प्रेक्षक गळ्यातले लाल-पिवळे स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर धरतात आणि एक गाणे म्हणू लागतात. गाणे फुटबॉलचे नाही, क्लबचेही नाही. ते आहे कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाचे.

हा क्लब म्हणजे रेसिंग क्लब द लाँस. नाव इंग्रजीत वाचताना ‘लेन्स’ असे दिसते, पण उच्चार ‘लाँस’. शहराची लोकसंख्या साधारण ३२ हजार आणि स्टेडियमची क्षमता सुमारे ३८ हजार. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत सगळे शहर येऊन बसले तरी सहा हजार खुर्च्या रिकाम्या राहतील. आपल्यापेक्षा मोठे स्टेडियम या शहराला का लागले?

क्लबचा जन्म कसा झाला?

क्लबची स्थापना १९०६ची. शाळकरी मुलांनी शहरातल्या एका चौकात खेळायला सुरुवात केली. चौकाचे नाव ‘हिरवा चौक’, म्हणून सुरुवातीच्या गणवेशात हिरवा रंग आला. दुसरा रंग काळा होता, तो कोळशाचा.

हेच वर्ष या परिसराला आणखी एका कारणाने विसरता येत नाही. १० मार्च १९०६ रोजी लाँसलगतच्या कुरिएर कंपनीच्या खाणींमध्ये स्फोट होऊन १ हजार ९९ कामगार मृत्युमुखी पडले. युरोपातील ही सर्वात भीषण खाण दुर्घटना मानली जाते. १३ जण तब्बल २० दिवसांनी जिवंत बाहेर आले, म्हणजे शोध लवकर थांबवला गेला होता, हे उघड झाले. संतापलेल्या कामगारांचा संप चिघळला. लाँसचा फुटबॉल रुजला तो अशा परिसरात.

पहिल्या महायुद्धात लाँस शहर जवळपास पूर्ण उद्ध्वस्त झाले. आजचे लाल आणि सोनेरी-पिवळे रंग त्यानंतरचे. १९२०च्या दशकात क्लबचे तत्कालीन अध्यक्ष पडझड झालेल्या चर्चजवळून जात असताना, हा भाग कधी काळी स्पेनच्या ताब्यात होता, याची आठवण निघाली आणि स्पेनच्या ध्वजाचे रंग घ्यायचे ठरले, अशी कथा सांगितली जाते. तेव्हापासून संघाचे टोपणनाव पडले, ‘रक्त आणि सोने’.

एवढे मोठे स्टेडियम कोणी आणि का बांधले?

खाण कंपनीने. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक मंदीमुळे खाणीतले काम घटले. कंपनीने काम नसलेल्या कामगारांना स्टेडियमच्या बांधकामावर लावले. १९३३ मध्ये ते खुले झाले. त्याला नाव मिळाले कंपनीचे एक प्रमुख फेलिक्स बोलार्ट यांचे. पुढच्याच वर्षी क्लब व्यावसायिक झाला.

यात कंपनीचा हिशेब होता. कामगाराचे घर, दवाखाना, शाळा, चर्च हे सगळे कंपनीचेच असे. रविवारचा फुटबॉलही आपला असला की कामगार दारूच्या गुत्त्यापासून आणि युनियनच्या बैठकीपासून दूर राहील, असे गणित मांडले गेले. शिवाय प्रेक्षक फक्त शहराचे नव्हते. लाँसभोवती खाण वस्त्यांची दाट रांग आहे. स्टेडियम त्या सगळ्या पट्ट्यासाठी होते. क्षमतेचे कोडे इथे सुटते.

मैदानावरचे खेळाडूही याच वस्त्यांमधून आले. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ गमावलेल्या फ्रान्सने १९१९ मध्ये पोलंडशी करार केला आणि पोलिश कामगार मोठ्या संख्येने इथल्या खाणींमध्ये आले. त्यांची मुले लाँसकडून खेळू लागली. स्टेफान डेम्बिकी हे त्यातलेच एक नाव. डिसेंबर १९४२ मध्ये फ्रेंच चषकाच्या एका सामन्यात लाँसने ३२-० असा विजय मिळवला. त्यातले १६ गोल एकट्या डेम्बिकीचे! पुढे मारियान विस्निएव्स्की लाँसकडून खेळत असतानाच १९५८च्या विश्वचषकात फ्रान्सच्या संघात होता.

खाणी बंद पडल्यावर क्लब कसा टिकला?

युद्धानंतर, १९४६ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६०च्या दशकात कोळशाचे दिवस फिरले आणि दशकाच्या अखेरीस सरकारी खाण कंपनीने क्लबवरचा हात काढून घेतला. १९६९ मध्ये क्लबला व्यावसायिक दर्जा सोडावा लागला. तो इथेच संपला असता. मात्र महापौर आंद्रे देलेलिस यांनी क्लबची जबाबदारी नगरपालिकेच्या खांद्यावर घेतली. स्टेडियमही नाममात्र एक फ्रँक मोजून नगरपालिकेच्या मालकीचे झाले. १९७३ मध्ये संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत पोहोचला. २०१२ पासून स्टेडियमच्या नावात बोलार्ट यांच्या जोडीला देलेलिस यांचेही नाव आहे. एक कंपनीचा साहेब, दुसरा कामगारांच्या शहराचा समाजवादी महापौर.

दरम्यान, डिसेंबर १९७४ मध्ये शेजारच्या लिएव्हाँमधील खाणीत स्फोट होऊन ४२ कामगार दगावले. डिसेंबर १९९० मध्ये या पट्ट्यातली शेवटची खाण बंद झाली. मागे उरली बेरोजगारी आणि खाणीतून काढलेल्या दगड-मातीचे काळे डोंगर. लोस-आँ-गोएल येथील जुळे डोंगर स्टेडियम परिसरातूनही दिसतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या संपूर्ण खाण पट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी जुन्या खाणीच्या आवारात, स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची शाखा सुरू झाली.

सामन्याच्या दिवशी काय घडते?

वाफेच्या इंजिनाच्या आकाराची इमारत असलेल्या लाँस स्थानकावर लाल-पिवळ्या जर्सी उतरू लागतात. आसपासच्या वस्त्यांमधून एकाच कुटुंबातल्या दोन-तीन पिढ्या सोबत येतात. स्टेडियमबाहेरच्या गाड्यांवर गरमागरम फ्राइज, सॉसेज आणि बिअर. उत्तर फ्रान्समध्ये बटाट्याच्या फ्राइजशिवाय सामना होत नाही.

युरोपात कट्टर समर्थक बहुधा गोलपोस्टच्या मागे बसतात. लाँसमध्ये ते मैदानाच्या लांब बाजूला, ‘मारेक’ स्टँडमध्ये असतात. तिथून सुरू झालेली घोषणा समोरच्या स्टँडपर्यंत जाते आणि दुप्पट होऊन परतते. क्लबच्या बोधचिन्हात खाण कामगाराचा दिवा आहे. सराव केंद्राचे नाव ‘ला गायेत’, म्हणजे कोळशाचा खडा.

मध्यंतरानंतरचे ते गाणे म्हणजे पिएर बाशले यांचे १९८२चे ‘ले कोरों’. कोरों म्हणजे खाण कामगारांच्या एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग, एका अर्थाने बैठी चाळच. २००५ मध्ये बाशले यांचे निधन झाले आणि त्यानंतर हे गाणे इथल्या घरच्या सामन्यांचा अविभाज्य भाग झाले.

यश किती, अपयश किती?

लीगचे विजेतेपद एकदाच, १९९८ मध्ये. शेवटच्या दिवशी ओसेरविरुद्ध योआन लाशोरच्या गोलमुळे सामना १-१ असा बरोबरीत सुटला. लाँस आणि मेट्झ यांचे समान ६८ गुण झाले आणि गोलफरकाने लाँस अव्वल ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी वेम्बलीवर आर्सेनलला १-० असे नमवले.

मग घसरण. २००८, २०११ आणि २०१५ अशी तीनदा दुसऱ्या श्रेणीत पदावनती. अझरबैजानच्या एका उद्योगपतीने क्लब घेतला, पण आश्वासन दिलेला पैसा वेळेवर आला नाही. २०१४-१५चा हंगाम तर स्टेडियमच्या नूतनीकरणामुळे दुसऱ्याच शहरात, आमिआँमध्ये खेळावा लागला आणि संघ तळाला राहिला. २०१६ पासून क्लबची सूत्रे गुंतवणूकदार जोसेफ उगुर्लियान यांच्याकडे आली. २०२० मध्ये पुनरागमन झाले. १ जानेवारी २०२३ रोजी लाँसने पीएसजीला ३-१ असे हरवून त्यांची त्या हंगामातली अपराजित घोडदौड रोखली. हंगामअखेर पीएसजीचे गुण ८५ आणि लाँसचे ८४. विजेतेपद एका गुणाने हुकले.

मग सगळेच गोड आहे का?

नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये शेजारी लिलविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला प्रेक्षक मैदानात घुसले. लाँसला दोन सामने प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा झाली. उलट बाजूचा अनुभवही आहे. मार्च २००८ मध्ये लीग चषकाच्या अंतिम सामन्यात पीएसजीच्या काही समर्थकांनी उत्तर फ्रान्सच्या लोकांना बेरोजगार आणि त्याहून वाईट शब्दांत हिणवणारा भलामोठा फलक झळकवला. त्यावरून फ्रान्सभर संताप उसळला. ज्यांच्या खाणी बंद झाल्या, त्यांनाच बेरोजगारीवरून टोमणा!

पैशाचा प्रश्नही कायम आहे. २०२३ मध्ये उपविजेते होताच कर्णधार सेको फोफाना सौदी अरेबियात, तर सर्वाधिक गोल करणारा लोइस ओपेन्डा जर्मनीत गेला. खेळाडू घडवा, विका, पुन्हा घडवा, हेच सध्याचे अर्थकारण. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये लाँसने घरच्या मैदानावर आर्सेनलला २-१ असे हरवले.

यातून काय कळते?

शेवटची खाण बंद झाली तेव्हा १८ वर्षांचा असलेला कामगार आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. स्टेडियममध्ये ‘ले कोरों’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खाण आतून पाहिलेलीही नाही. कोणाचा आजोबा खाणीत होता, कोणाचा पणजोबा. कंपनीने हे मैदान कामगारांना ताब्यात ठेवण्यासाठी बांधले होते. कंपनी गेली, कोळसाही गेला. मैदान कामगारांच्या नातवंडांकडे राहिले. संघ दुसऱ्या श्रेणीत असतानाही ती हजारोंच्या संख्येने येतच राहिली. क्लबची मालकी आज गुंतवणूकदारांकडे आहे, पण मध्यंतर संपले की पुढची काही मिनिटे तरी स्टेडियम कोणाचे, याबद्दल तिथे कोणाला शंका नसते.